नाकाशी अडलेली नात

पेणच्या बाजारपेठेमागच्या आळीत जनी घरतच्या घरात शिरणं सोपं, बाहेर पडणं अवघड. लाईटचं मीटर बघायला आलेला एक माणूस तिच्या ओटीवर आधी चहाला बसला, मग पोह्याच्या पापडाला बसला, मग जेवायलाच बसला, आणि ऊन उतरल्यावर निघाला तेव्हा त्याच्या धाकट्या भावासाठी जनीनं मुलगी बघून ठेवली होती. लग्न झालंसुद्धा. मीटर तेवढं बघायचं राहिलं. कासूचा तिचा एक चुलतदीर पेणला आला की त्याची परतीची गाडी चुकणार हे इतकं ठरलेलं, की त्याची बायको त्या दिवशी भात टाकताना त्याला धरायचीच नाही.

जनीचा नियम एकच, आणि तो तिला सासूकडून आलेला. माणूस आपणहून उठेपर्यंत त्याच्यासमोरचं ताट उचलायचं नाही. ताट रिकामं असो, माणूस भिंतीला टेकून पेंगत असो, ताट तिथंच. तो उठला की हातावर चिमूटभर साखर ठेवायची आणि म्हणायचं, "या परत." साखर उठायच्या आधी पुढे केली तर तिचा अर्थ होतो "निघा आता", आणि तसला अर्थ घरतांच्या ओटीवर आजवर कुणी होऊ दिला नव्हता.

अशा बाईच्या घरात कॉम्प्युटर आला, तो रोह्याहून.

त्याचं असं झालं. जनीची एकुलती एक लेक शिल्पा रोह्याच्या ठाकुरांकडे दिलेली. जावई निलेश नोकरीला मस्कतला, शिल्पाही तिकडेच. निलेशचे वडील हैबतराव रोह्याच्या एका कंपनीत स्टोअरला होते. कंपनीनं जुने कॉम्प्युटर काढून टाकले त्यातला एक ते घरी घेऊन आले. पण रोह्याला घरी फोन नव्हता, अर्ज करून वाट बघणं चालू होतं. जनीकडे पापडाच्या ऑर्डरींसाठी फोन होता. मग दोन्ही घरांत तह झाला: मशीन रोह्याचं, तार पेणची. कॉम्प्युटर क्लासवाल्या अमोलनं क्लासचं इंटरनेट जोडून दिलं आणि मशीन जनीच्या ओटीवर, पापडाच्या डब्यांशेजारी जाऊन बसलं. रंगानं पिवळं पडलेलं, पंखा घरघरणारा. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या.

"दमेकरी हाय गो हा," जनी पहिल्याच दिवशी म्हणाली. "रोह्याची हवा, दुसरं काय."

हे वाक्य रोह्याला पोचायला वेळ लागला नाही. विहीणबाई शांती ठाकूर उंच, सडपातळ, आणि नाक असं की देवळात वाकून नमस्कार करताना आधी नाक पोचायचं, मग कपाळ. त्यांनी निरोप पाठवला, "आमच्याकडं होता तोवर धडधाकट होता. पापडाचा खार लागला असेल."

दोघी विहिणींचं असं कायम चालायचं. मशीन हे निमित्त होतं. नात झाली आणि खरं युद्ध पेटलं.

शिल्पाला मस्कतला मुलगी झाली. आता बारशाला नाव कुणी ठेवायचं? आत्यानं. पण निलेशला बहीणच नाही. ती जागा रिकामी, आणि रिकाम्या जागेवर दोन आज्या एकदम बसायला निघालेल्या. विहीणबाईंनी पत्रिकेतलं अक्षर काढून आणलं, 'र' नाहीतर 'ऋ', म्हणून 'ऋतुजा' पक्कं. जनीला हवं होतं 'किमया'.

त्या नावामागे जनीचं फार जुनं काहीतरी होतं. नवरा दत्ता धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरात कामाला. नवी नवरी असताना जनी सकाळी त्याची भाकरी घेऊन बांधावरनं जायची. रात्रीतून वाफ्यात पांढरा थर धरलेला असायचा. दत्ता तो रोज बघायचा आणि रोज पहिल्यांदा बघितल्यासारखा म्हणायचा, "काय किमया हाय बघ गो जने! काल पाणी व्हतं!" मुलगी झाली तेव्हा त्याला तेच नाव ठेवायचं होतं. पण पाळण्यापाशी त्याच्या बहिणीनं कानात कुर्रर्र केलं आणि 'शिल्पा' सांगून मोकळी झाली. दत्ता हसला, घुगऱ्या वाटल्या, गप्प बसला. पुढे तो गेला. जनीनं ते नाव मनात घडी घालून ठेवलं होतं, लेकीच्या लेकीसाठी.

जनीनं घरनं नि विहीणबाईंनी रोह्याच्या बूथवरनं मस्कतला फोन करकरून इतकी ओढाताण केली की शेवटी शिल्पा मस्कतहून ओरडली, "बास! आई, तू म्हणतेस तिचं नाक घरतांचं. सासूबाई म्हणतात ठाकुरांचं. निलेश तिचा फोटो इंटरनेटवर टाकतोय. रविवारी दुपारी दोघी एकत्र बसून बघा. ज्या घरचं नाक, त्या घराचं नाव. संध्याकाळी बारसं आहे, दिवेलागणीला मी फोन करीन. तोवर तुमचं ठरलं नाही तर मी कॅलेंडर उघडीन आणि बोट ठेवीन तिथलं नाव ठेवीन!"

घरतांचं नाक म्हणजे बसकं, रुंद, फोडणीचा वास आळीच्या त्या टोकावरनं ओळखणारं. ठाकुरांचं तुम्हाला सांगून झालंच आहे. चूक व्हायला जागा नव्हती.

वैशाखातला तो रविवार. अंगणात खाटांवर पापड वाळत घातलेले. विहीणबाई सकाळच्या पॅसेंजरनं उतरल्या, पाय धुतले, ओटीवर आल्या आणि मशीनवर असा हात फिरवला जसा माहेरी आलेल्या मुलीवरनं फिरवतात.

"वाळला गो बिचारा," त्या म्हणाल्या.

"खातो पितो चांगला," जनी म्हणाली. "उठायलाच काय ती कटकट करतो. वळण कुठलं ते तुम्हांस ठावं."

अमोलला बोलावलं होतंच. त्यानं फोन लावला, मोडेम किंचाळला, आणि इंटरनेट सुरू झालं. फोटो दुपारी येणार. तोवर काय करायचं? आळीत बातमी फुटलेली. ओटी भरायला लागली. आणि जनीच्या ओटीवर माणूस आला की त्याच्यापुढे काहीतरी ठेवायलाच हवं.

"अमोल, पुंडलिकला काय हवं ते दाव."

गणपतीच्या कारखान्यातला पुंडलिक हाताला माती तशीच घेऊन आलेला. त्याला लांबलांबच्या मंडळांचे गणपती बघायचे होते. अमोलनं एक खिडकी उघडली. हे मोठमोठे रंगीत फोटो. पुंडलिक मागे-पुढे करत सगळे बघत बसला. "सोंड चुकलीय," प्रत्येकाला म्हणाला आणि पुढचा मागवला.

मिठागरातनं म्हातारा होऊन घरी बसलेला काळुराम म्हणाला, "मना परदेशातलं मीठ दाव." जनीनं लगेच अमोलला दुसरी खिडकी उघडायला लावली. कुठल्यातरी देशातलं पांढरंशुभ्र मिठाचं मैदान आलं, क्षितिजापर्यंत. काळुराम चष्मा पुसून पुसून बघू लागला. "एवढं मीठ, नि खोरं घेतलेला एक माणूस दिसत नाय? खोटं असंल."

डोंगराकडच्या वाडीवरनं करवंदं विकायला आलेली ठमी पाटी उतरवून पायरीवर बसली होती. जनी तिला म्हणाली, "वर ये गो, तुला काय बघायचं?"

"आमची वाडी दाव," ठमी म्हणाली.

अमोलनं शोधलं. नव्हती.

"वाडी नाय? मग हाय काय त्याच्यात?" ठमीनं विचारलं. अमोलनं तिला बर्फाचे डोंगर काढून दिले. ठमी ओटीवर आली, एक करवंद तोंडात टाकलं आणि बर्फाकडे तोंड करून बसली. "थंड वाटतंय गो," म्हणाली.

विहीणबाईंना राशी बघायच्या होत्या. त्यांची खिडकी सगळ्यांत झगमगीत निघाली. बारा राशींचं चाक गरगर फिरतंय, तारे लुकलुकतायत, मेंढा मान हलवतोय, विंचू शेपूट उडवतोय. विहीणबाई प्रसन्न झाल्या. "ह्याला म्हणतात पान," त्या म्हणाल्या. "नुसतं बर्फ नि मीठ काय बघायचं."

आणि सगळ्यांच्या आधी, इंटरनेट लागताच, जनीनं आपली एक खिडकी उघडून घेतलेली होती. मस्कतचा समुद्रकिनारा. निळं पाणी, कडेनं रस्ता, पांढरी घरं. ह्यातल्या कुठल्यातरी घरात आपली शिल्पा पोरीला मांडीवर घेऊन बसलेली असणार, असं ती त्या चित्राकडे बघून ठरवायची. रोज एक घर निवडायची. आज उजवीकडचं, गच्चीवर कपडे वाळत घातलेलं.

अमोल दर वेळी विचारायचा, "मावशी, हे आधीचं बंद करू?"

"आरं, काळुराम अजून बसलाय. त्याच्यासमोरचं उचलतोस काय?"

मग अमोल ती खिडकी खालच्या पट्टीवर सरकवून ठेवायचा आणि नवी उघडायचा. खाली पट्टीवर बारीक बारीक चौकोन ओळीनं बसले, पंगतीसारखे.

जेवणं झाली. अमोलनं निलेशनं सांगितलेला पत्ता टाईप केला. ओटीवर असा शुकशुकाट की अंगणातला कावळा पापडाजवळ आलेलाही ऐकू आला, पण त्याला हाकलायला कुणी उठलं नाही.

चित्र वरनं खाली उतरायला लागलं. आधी एक गुलाबी टोपरं. मग टोपऱ्याखालनं निसटलेलं जावळ.

"जावळ आमचं," विहीणबाई.

"जावळ पडतं," जनी.

मग कपाळ, कडेला काजळाची तीट. मग भिवया, असून नसल्यासारख्या. मग डोळे. टपोरे, काळे, थेट ओटीवरच्या माणसांकडे बघणारे, जणू काय ही सगळी मंडळी कोण जमलीयत असं विचारणारे. ठमी हसली. काळुराम म्हणाला, "दत्ताच बघतोय." जनी पडद्याजवळ सरकली. अजून एक बोटभर, की नाक.

आणि चित्र थांबलं.

थांबलं म्हणजे थांबलंच. डोळ्यांच्या खाली करडा पडदा. पोर बुरख्यातनं बघितल्यासारखी बघत राहिली. मशीनच्या पोटातनं आवाज यायला लागला: खरखर, खरखर, खरखर.

"तार तुटली," विहीणबाई म्हणाल्या. "पेणची तार."

"मशीन अडलं," जनी म्हणाली. "रोह्याचं मशीन."

अमोलनं वाकून बघितलं. "तारेचं काही नाही, काकू. फोटो पूर्ण आलाय, हा मोडेमचा दिवा बघा, गप्प आहे. अडलंय ते आतच. मेमरी संपलीय."

"संपली म्हणजे? सकाळी तर व्हती," जनी म्हणाली.

अमोलनं डोकं खाजवलं. क्लासमध्ये तो हे फळ्यावर चौकोन काढून शिकवायचा आणि पोरं झोपायची. इथं फळा नव्हता. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि त्याला पापडाचा डबा दिसला.

"मावशी, ह्या डब्यात कच्चे पापड किती मावतात?"

"गच्च भरला तर सगळ्या आळीला पुरतील."

"आणि तळलेले?"

"चार टाकले की झाकण लागत नाय. पापड फुलतो नव्हे?"

"फोटोचं तेच आहे! तारेवरनं येताना तो दाबूनचिपून, कच्च्या पापडासारखा येतो. पण पडद्यावर दाखवायचा तर फुलवावा लागतो. फुललेला ठेवायला जागा लागते ती मेमरी. पुंडलिककाकांचे सगळे गणपती आत फुलून बसलेत. त्यांनी 'मागे' म्हटलं की झटकन मागचा दाखवता यावा म्हणून ब्राउझरनं बघून झालेलेही ठेवलेत."

"गणपती दावून विसर्जन नाय व्हय केलंत?" काळुरामनं विचारलं.

"पण ते सगळं खाली गेलं ना पट्टीवर?" जनी म्हणाली.

"खाली गेलं म्हणजे उठलं नाही. कोपऱ्यात सरकून बसलंय. जागा तेवढीच अडवतंय. आणि विहीणकाकूंचं चाक तर फिरतंच आहे. त्याच्या प्रत्येक गिरकीचं वेगळं चित्र आत आहे."

विहीणबाईंनी पदर सावरला.

"मग ती खरखर कसली?"

अमोल आता रंगात आला होता. "गौरीगणपतीत तुमची ओटी भरली की तुम्ही काय करता?"

"मागच्या पडवीत बसवते."

"आणि पडवीतल्याला चहा हवा, ओटीवरच्याला पाणी हवं, तर?"

"मरते धावून धावून! ओटी ते पडवी, पडवी ते ओटी. माणसाला पुढं आणायचं तर दुसऱ्याला मागं न्यायचं." जनी एकदम थांबली. कान देऊन ऐकू लागली. खरखर, खरखर. "अगो बाय! हा धावतोय व्हय?"

"तेच! आतली डिस्क म्हणजे पडवी. ओटी भरली म्हणून हा एकाला पडवीत नेतो, दुसऱ्याला पुढे आणतो. धावण्यातच सगळा जीव चाललाय, फोटो फुलवायला हात मोकळा नाही. नव्या मशीनची ओटी मोठी असते. ह्याची इतकीशी. आणि मी ह्यात घातलाय तो ब्राउझर यंदाचा, मोठ्या घराची सवय असलेला."

"म्हणजे मोठ्या वाड्यातली सून लहान खोलीत आणलीस," ठमी म्हणाली, "नि आता म्हणतोस पसारा करते."

सगळी ओटी हसली. अमोलही. जनी मात्र मशीनकडे वेगळ्याच नजरेनं बघत होती. इतके दिवस ज्याला दमेकरी म्हटलं तो दमेकरी नव्हताच. आल्यागेल्याला धरून बसवणारा, कुणाला उठ न म्हणणारा, एकट्यानं ओटी-पडवी करत मरणारा निघाला. रोह्याचा कुठला? हा तर थेट घरतांचा!

"मी बंद करून चालू करतो," अमोल म्हणाला.

"सगळ्यांना एकदम घराबाहेर?" जनी किंचाळली. "नि परत तार लागली नाय तर? परवा मधेच बंद केलास तर हा अर्धा दिवस आपलीच तपासणी करत बसला व्हता. दिवेलागणीला फोन येणार! शिल्पा कॅलेंडरवर बोट ठेवील नि पोरीचं नाव एकादशी व्हईल!"

"मग एकेक खिडकी बंद करू."

हे बोलणं सोपं होतं. ओटीवर सगळी मंडळी बसलेली, प्रत्येकाची खिडकी आत बसलेली. काळुरामला कसं म्हणायचं, तुमचं मीठ उचलते? जनीनं हात चोळले, आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात साखरेची वाटी होती.

वाटी बघून ओटी चपापली. काळुराम अर्धा उठला.

"बसा, बसा!" जनी म्हणाली. "तुम्ही नाय. तुम्ही बसा. तुमची खिडकी तेवढी उठणार. पण मी उठवणार नाय. तुम्ही आपल्या हातानं उठवा."

काळुराम मशीनपाशी आला. परदेशातलं मीठ शेवटचं बघून घेतलं. अमोलनं मशीनचा उंदीर त्याच्या हाताखाली दिला, बोट धरून कोपऱ्यातल्या फुलीवर नेलं. टिक. मीठ गेलं. जनीनं त्याच्या तळहातावर साखर ठेवली आणि पडद्याला म्हणाली, "या परत."

"मिठाला साखर!" काळुराम म्हणाला आणि इतका हसला की खोकला लागला.

ठमीनं बर्फ स्वतःच पुसून टाकला. "उकडायला लागलं परत," म्हणाली, आणि साखर करवंदाबरोबर खाल्ली. पुंडलिकनं गणपतींना हात जोडले, "पुढच्या वर्षी लवकर" इथपर्यंत आला, पण "सोंड नीट करून या," असं संपवलं. उंदीर आता साखरेनं चिकट झाला होता, त्याला मुंग्या यायच्या तेवढ्या बाकी होत्या.

करडा पडदा एक केसभर खाली सरकला. नाकाचा मधला उंचवटा सुरू होतोय न होतोय, तिथं परत अडला. खरखर.

"अजून दोन आहेत," अमोल हळूच म्हणाला. "ते राशीचं चाक. आणि मावशी, तुमचा समुद्र."

विहीणबाई चाकासमोर ताठ बसलेल्या. विंचू शेपूट उडवत होता.

आता बघा. कुणाचंही ताट एक वेळ चालेल, पण विहिणीचं? विहिणीपुढे साखरेची वाटी नुसती सरकवली तरी रोह्यापासून नागोठण्यापर्यंत बातमी: घरतांनी ठाकुरांना उठवलं. जनी वाटी धरून जागच्या जागी उभी राहिली.

"मी नाय उठत," विहीणबाई म्हणाल्या. "मशीन आमचं."

"उठा म्हटलं कुणी?" जनी म्हणाली.

"वाटी घेऊन उभ्या आहात."

"वाटी माझ्या घरची हाय, धरीन नाय तर डोक्यावर ठेवीन!"

दोघींनाही नाक बघायचं होतं. दोघींचा जीव त्या करड्या पडद्यात अडकलेला, आणि दोघी एकमेकींकडे बघून बसलेल्या. बाहेर खाटांवरनं ऊन उतरायला लागलं होतं. मशीन बापडं ओटी-पडवी, ओटी-पडवी.

जनीनं समुद्र वर काढला. निळं पाणी, पांढरी घरं, गच्चीवरचे कपडे. घरात पंगत बसली की घरची बाई शेवटी जेवते आणि तिचं ताट सगळ्यांच्या नंतर उचलतात, हे काय सांगायला नको. जनीनं आयुष्यात कधी पाहुणा बसलेला असताना आपलं पान आवरलं नव्हतं. तिनं उजवीकडचं ते घर डोळे भरून बघितलं.

"येते गो शिल्पा," ती म्हणाली, आणि उंदीर दाबला. टिक.

मग चिमूटभर साखर स्वतःच्याच तळहातावर ठेवली, तोंडात टाकली, आणि विहीणबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

विहीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. आता घरची बाईच उठलेली. पाहुण्यानं बसायचं तरी कसं?

"हलवा जरा तो उंदीर इकडं," त्या गुरगुरल्या. "चिकट करून ठेवलाय नुसता." फुलीवर बोट ठेवलं. चाक थांबलं, मेंढा गेला, विंचू गेला. त्यांनी न बघताच हात पुढे केला. जनीनं साखर ठेवली, चिमूट नव्हे, मूठ.

खरखर थांबली. ओटीवर नुसता पंख्याचा आवाज. आणि मशीननं मोठा श्वास घेतल्यासारखं केलं आणि भर्रकन सगळा पडदा खाली ओढला.

नाक आलं.

लांब. सरळ. शेंड्याला टोक. महिन्याच्या आत असलेल्या पोरीच्या चेहऱ्यावर असं नाक, की खाली तोंड आहे हे मंडळींना नंतर दिसलं. पुंडलिकनं मातीच्या हातांनी हवेत मापलं, विहीणबाईंकडे बघितलं आणि कारागिराच्या आवाजात म्हणाला, "साचा तोच."

"आली का ठाकुरीण!" विहीणबाईंनी टाळी वाजवली. मग वळून जनीकडे बघितलं. जनी नातीकडे बघत हसत होती. हरलेली बाई इतकी हसते हे विहीणबाईंनी आधी बघितलं नव्हतं. पण हसताना ती काळुरामला हळूच म्हणत होती, "मीठ धरल्यासारखी गोरी हाय नाय रे?" आणि काळुरामनं मान हलवून म्हटलं, "व्हय गो. किमया." एवढंच. दत्ताबरोबर खोरं ओढलेला माणूस तो. विहीणबाईंनी दोन्ही ऐकलं.

दिवेलागणीला फोन वाजला. अमोलनं इंटरनेट सोडवून तार मोकळी करून ठेवली होती, पोरीचा फोटो मशीनमध्ये साठवून ठेवला होता. फोन विहीणबाईंनी उचलला. त्यांचाच मान.

"नाक आमचं," त्या म्हणाल्या. "व्हय, व्हय, जनीबाईंनी मानलं. नाव मी ठेवणार. लिही. किमया."

जनीच्या हातातनं वाटी पडली.

"ऋतुजा? नाय गो. तुझ्या सासऱ्यांचे पुढचे दात पडलेत, त्यांना 'ऋ' म्हणता येत नाय, कालपासनं घरात नुसती थुंकी उडतेय. किमया ठेव." आणि रिसीव्हरवर हात ठेवून जनीला म्हणाल्या, "नाव रोह्यानं ठेवलंय. ध्यानात असू दे. पेणनं नाय."

"नाय हो विहीणबाई," जनी म्हणाली. तिनं वाटीत उरलेली साखर परत विहीणबाईंच्या हातावर ठेवली.

"हाकलताय मला?"

"गाडी गेली कधीच! आता हाकलून जाल कुठं?"

गाडी खरंच गेली होती. विहीणबाई राहिल्या. काळुराम राहिला, पुंडलिक राहिला, ठमीची पाटी जनीनंच घेऊन टाकली म्हणून ठमीही राहिली. पापड तळले. मशीनवर आता एकच खिडकी, तिच्यात एकच पोर, सगळी ओटी तिला मोकळी.

अमोल निघताना बटणाकडे हात न्यायला लागला.

"हात लावू नकोस!" दोघी आज्या एकदम ओरडल्या.

"काय रे घाई तुला?" जनी म्हणाली. "पोर अजून बसलीय."

आणि तेवढ्यात आळीतली लाईट गेली. पंखा थांबला, पडदा काळा पडला, नाक आधी गेलं की डोळे ते कुणाला कळलं नाही. मग अंधारातनं जनीचा आवाज आला, समाधानानं भरलेला.

"बघितलंत विहीणबाई? मोठी माणसं जेवायला बसायची, तर पोर आपणहून उठली. नाक रोह्याचं असंल. वळण पेणचं हाय."